झाडं काढा, आरसे ठेवा

गोंदियाच्या बाजारात कॉम्प्युटरचं दुकान मांडून बसलेल्या माणसाला दिवसातून चार वेळा तरी एकच प्रश्न ऐकावा लागे. "भैया, ये गेम मेरेवाले में चलेगा क्या?" विचारणारा कॉलेजातला असो, राइस मिलचा शेठ असो, की "मुलासाठी विचारतोय" असं सांगून स्वतः खेळणारा वकील असो, प्रश्न तोच आणि चेहराही तोच. डॉक्टरांच्या हातात रिपोर्ट देऊन उभ्या असलेल्या नातेवाइकासारखा. १९९९ साली मी दुकान उघडलं आणि पुढची सोळा वर्षं या प्रश्नाची उत्तरं दिली. त्यातली बरीच चुकली. त्यांतल्या एका चुकीबद्दल इथं लिहायचं आहे.

मी मराठी घेऊन एम.ए. झालेला माणूस. प्राध्यापकीच्या मुलाखती देऊन थकलो, एका क्लासात कॉम्प्युटर शिकलो, मग तिथंच शिकवू लागलो, आणि पुढं नागपूरहून सुटे भाग आणून स्वतःच जोडायला लागलो. दुकानात आम्ही दोघंच. आतल्या टेबलावर पेचकस घेऊन मी आणि काउंटरवर माझी बायको सुनंदा. लोक मला इंजिनियर समजत, पण दुकान चालवत होती ती. सुनंदा गेल्या माघात गेली. तेव्हापासून मी काही लिहिलं नाही, वाचलंही फारसं नाही. या अंकाच्या संपादकांनी धंद्याविषयी लिहा म्हटलं तेव्हा लक्षात आलं, की धंद्याविषयी लिहायचं तर तिच्याविषयी लिहावंच लागेल. म्हणून हो म्हणालो. हळूहळू लिहितो आहे.

ज्यांनी हा धंदा जवळून पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. गेमच्या खोक्यामागं बारीक अक्षरांत लिहिलेलं असे: इतका प्रोसेसर हवा, इतकी मेमरी हवी, अमुक ताकदीचं ग्राफिक कार्ड हवं. गिऱ्हाईक त्यातला मेमरीचा आकडा तेवढा पाठ करून येई. पण आमच्याकडच्या बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड नसायचं. पडद्यावर चित्र काढायचं काम मदरबोर्डवरचीच एक छोटी चिप करी, आणि त्यासाठी लागणारी मेमरी ती मुख्य मेमरीतूनच उचलून घेई. दहा पानांचा स्वयंपाक केला आणि वाढपीच आधी दोन पानं जेवून बसला, असा तो प्रकार. खोक्यावरचा आकडा आणि घरातला आकडा तंतोतंत जुळे, आणि तरी गेम उघडत नसे.

कधी कारण त्याहून साधं असे. एका राइस मिलच्या शेठजींचा कॉम्प्युटर क्रिकेटच्या गेममध्ये दहा मिनिटांत बंद पडायचा. मी झाकण उघडलं तर पंख्यात धानाचा कोंडा बोटभर साचलेला. ब्लोअरनं साफ केला, गेम धावू लागला. शेठजी समाधानानं म्हणाले, "मतलब इसका भी हालर साफ करना पडता है. पहले बोलना था ना." हालर म्हणजे मिलमधलं धान भरडायचं यंत्र. नंतर ते दर हंगामानंतर मिलबरोबर कॉम्प्युटरचीही सफाई करून घेत.

सुनंदाचा एक नियम होता. खोकं वाचून "चालेल" म्हणायचं नाही. गिऱ्हाइकानं आपला डबा, म्हणजे कॉम्प्युटरचा सीपीयू, दुकानात आणायचा, त्याच्यासमोर गेम टाकायचा, चालवून दाखवायचा, आणि मगच तो शब्द उच्चारायचा. त्यामुळं आमच्याकडं कुठून कुठून डबे येत. तिरोड्याहून रेल्वेनं, सालेकशाहून मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून, गोधडीत नाहीतर बारदान्यात बांधून. बाजूचे दुकानदार हसायचे. त्यांच्याकडं "चल जायेगा" ऐकून लोक दोन मिनिटांत मोकळे होत. मला या नियमाचा अभिमान होता. नियम पाळला की आपली चूक होऊ शकत नाही, असंच मी धरून चाललो होतो.

२००९ च्या उन्हाळ्यात देवरीहून फुलवंताबाई आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, बसमध्ये मांडीवर डबा घेऊन बसल्यामुळं लुगडं चुरगळलेलं. गोधडीत बांधलेला डबा काउंटरवर ठेवला, पदराची गाठ सोडून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली.

"भाऊ, ह्या डब्ब्यात हे चालन का, तेवढं सांगा."

सुनंदानं त्यांना बसवलं, पाणी दिलं. "कोणाचा आहे कॉम्प्युटर?"

"पोरीचा, प्रतिभाचा. कोर्सासाठी घेतला होता. तिचं लगन झालं. आता कोनाचाच नाई."

"मग गेम कोणाला हवाय?"

"प्रतिभाच्या बापाले," बाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं ते त्यांनी टिपलं. "हासू नका. आयका आधी."

त्यांचा नवरा मनोहर. नागपूर ते रायपूर या रस्त्यावर वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. वर्षभरापूर्वी रस्त्याच्या कडेला टायर बदलत असताना मागून आलेल्या गाडीनं त्यांना उडवलं. उजवा पाय गुडघ्याखालून गेला. दवाखान्यातून घरी आल्याला आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत ते आपल्या खोलीतल्या खाटेवरून गरजेपुरतेच उठले. कुबड्या खुंटीला. तोंड भिंतीकडं. जेवणाचं ताट खाटेवर.

"बोलत नाई," फुलवंताबाई म्हणाल्या. "हो, नाई, बस. मी बडबड करतो, थे भितीले आयकत राहते. मांगच्या मयन्यात तपासाले आनलं गोंद्याले. जावयाच्या घरी थांबलो. जावई कॉम्प्युटरवर ट्रक चालवून राहिला होता. ह्यायनं धा मिनिटं पायलं. मंग इचारलं, ह्याचा क्लच कोठं हाये?"

त्या थांबल्या. "आठ मयन्यात सोताहून इचारलेली पयली गोष्ट आहे, बाई. जावयाले सीडी मांगून आनली. डब्बा तं घरी हायेच. आता तुमी सांगा."

सुनंदा माझ्याकडं वळली. "अहो, बघा."

मी डबा उघडला. जुना सेलेरॉन प्रोसेसर, हवी त्याच्या अर्ध्याहून कमी मेमरी आणि तीच ती मदरबोर्डवरची चिप. वेगळं कार्ड बसवायला बोर्डावर खाचच नव्हती. म्हणजे बदलायचा तर अख्खा डबाच बदलावा लागला असता, आणि ते त्या घराला शक्य नव्हतं. मी मेमरीची एक पट्टी वाढवली आणि गेम टाकला. ट्रक दिसला, पण चालेना. दोन पावलं जाई, थांबे, पुन्हा दोन पावलं. पत्त्यांच्या गड्डीतलं एकेक पान उलटावं तसा रस्ता सरकत होता.

अशा वेळी आम्ही काय करत असू ते आता सांगतो. सगळेच करत, सांगत कोणी नसे. प्रत्येक गेममध्ये सेटिंगचं एक पान असतं. सावल्या, पाऊस, लांबचे डोंगर, पाण्यातलं प्रतिबिंब, यांतलं काय दाखवायचं आणि काय नाही ते तिथं ठरवता येतं. एकेक गोष्ट बंद केली की चिपवरचा भार उतरतो. मी सावल्या काढल्या. पाऊस काढला. तरी अडखळत होतं. मग आरसे बंद केले. आरसा म्हणजे तेच जग मागच्या बाजूनं पुन्हा एकदा काढायचं, दोन आरसे म्हणजे दोनदा. सगळ्यात जड काम तेच. आरसे गेले आणि ट्रक तेल घातल्यासारखा धावू लागला. रस्त्याकडेची हिरवीगार झाडं, घरं, निळं आकाश, सगळं तसंच ठेवता आलं. मला स्वतःलाच ते फार देखणं वाटलं.

"चालून राहिली!" फुलवंताबाई उठून उभ्याच राहिल्या. "मोठ्ठी गाडी आहे वं बाई! झाडं पाहा किती!"

सुनंदा माझ्या मागं उभी होती. तिनं पडद्याच्या कडेला बोट ठेवलं. "हा काळा चौकोन कसला?"

"आरसा. बंद केलाय."

ती क्षणभर तिथंच पाहत राहिली. मग गिऱ्हाइकाच्या आनंदात सामील होऊन हसली आणि डबा परत गोधडीत बांधायला मदत करू लागली. मी तो शब्द उच्चारला. "चालेल."

पाचव्या दिवशी फुलवंताबाई रिकाम्या हातानं आल्या. बसल्या नाहीत.

"थे नाई बसत त्याच्यावर."

"का? बंद पडतंय का?" मी विचारलं.

"कायले बंद पडते? चांगला चालते. खाटेजवळ टेबल लावला, जावयानं सगळं जोडून देल्लं. हे उठून बसले, भाऊ. सोताहून. गाडी काढली. दोन मिनिटं चालवली अन् हात उचलून घेतला. म्हने, हे बंद कर. तवापासून पुना भितीकडं तोंड. आधी हो, नाई तरी म्हनत होते. आता थे बी नाई."

मी खेळायच्या बटणांबद्दल काहीतरी बोलू लागलो. सवय नसेल, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली परदेशी गाडी आहे, हळूहळू जमेल. बाई माझ्याकडं पाहतच राहिल्या.

"वीस वर्ष गाडी चालवली त्यायनं. सवय काऊन नसन?"

सुनंदानं मला हातानं थांबवलं. "बंद कर म्हणाले तेव्हा अजून काही बोलले का?"

फुलवंताबाईंनी आठवलं. "म्हने, आरसे आंधरे हायेत. आंधऱ्या गाडीवर मी नाई बसत."

मागून आलेल्या गाडीनं पाय गेलेला माणूस. त्याला मी मागचं काहीच न दिसणारी गाडी दिली होती, आणि वर झाडं दाखवली होती.

"मला दिसलं होतं," सुनंदा हळूच म्हणाली. "मी विचारायला हवं होतं." मग माझ्याकडं पाहून, "काय काय बंद केलं ते यांना सांगितलं होतं तुम्ही?"

"कोणालाच सांगत नाही मी. कशाला सांगायचं? त्यांना काय कळणार त्यातलं?"

माझं बोलणं मलाच ऐकू आलं. दहा वर्षांत किती डब्यांतून मी काय काय काढून टाकलं असेल, आणि लोक ते घरी नेऊन, "चालतंय तर खरं, पण काहीतरी कमी आहे" असं स्वतःशी म्हणत बसले असतील, याचा हिशेब लावायची मला हिंमत झाली नाही.

"उद्या दुकान मी बघते," सुनंदा म्हणाली. "तुम्ही देवरीला जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेलो. हायवेला लागून असलेल्या वस्तीत त्यांचं घर. पुढं कौलारू सपरी, म्हणजे आपण ओसरी म्हणतो ती, आणि आत मनोहरभाऊंची खोली. लाइट अकरा वाजता येणार होती. तोवर मी खाटेजवळच्या खुर्चीत बसून राहिलो. हायवेवरून ट्रक जात. प्रत्येक ट्रक गेला की मनोहरभाऊंची पाठ किंचित हलायची, पण तोंड भिंतीकडंच.

"भाऊ, माझी चूक झाली," मी त्यांच्या पाठीला म्हणालो. "आरसे मी बंद केले होते. तुमच्या मशीनची ताकद कमी पडत होती म्हणून. तुम्हाला विचारलं नाही."

मग भिंतीकडूनच आवाज आला. "चालू होते का थे?"

"होतात. पण त्यांच्या बदल्यात दुसरं काहीतरी काढावं लागेल. काय काढायचं ते तुम्ही सांगा."

ते वळले. दाढी वाढलेली, डोळे मात्र स्वच्छ. हाताच्या आधारानं उठून बसले. लाइट आली, मी सेटिंगचं ते पान उघडलं आणि एकेक ओळ मराठीत वाचून दाखवू लागलो. इतक्या वर्षांत कोणा गिऱ्हाइकासमोर ते पान मी पहिल्यांदाच वाचत होतो.

"सावल्या आधीच काढल्यात. झाडं?"

"काढा. झाडाले काय पाहाचं?"

"घरं, दुकानं?"

"काढा."

"लांबचे डोंगर?"

"लांबचं काढा. जवळचं राहू द्या."

"रस्त्याच्या पाट्या?"

"पाट्या पायजे."

"दुसऱ्या गाड्या?"

इथं ते थांबले. गुडघ्यावर हात फिरवत राहिले. "थोड्या ठेवा," म्हणाले. "रिकामा रस्ता खोटा वाटते."

"आरसे?"

"दोनी. पुरे."

सुनंदानं त्या दिवसानंतर काउंटरवर एक नवा प्रश्न सुरू केला. चालेल का, असं कोणी विचारलं की ती उलट विचारायची, "काय गेलं तर चालेल तुम्हाला?" लोक गोंधळत, मग विचार करत. एका प्राध्यापकांनी आवाज नको म्हणून सांगितलं. एका बाईंनी सांगितलं की भांडणं काढता आली तर बघा. बरीच वर्षं पुढं, ती आजारी पडली आणि नागपूरच्या डॉक्टरांनी उपचार समजावून सांगितले, तेव्हा तिनं त्यांनाही अगदी याच सुरात विचारलं, की यात माझं काय काय बंद होणार ते एकेक वाचून दाखवा. डॉक्टर चांगले होते, त्यांनी वाचलं. केस, ती म्हणाली, जाऊ देत. चव गेली तरी हरकत नाही. चालणं कमी झालं तरी चालेल. डोकं जड होऊन वाचलेलं कळणार नाही असं औषध मात्र शेवटपर्यंत देऊ नका. तिनं शेवटच्या महिन्यातही पुस्तकं वाचली. मी शेजारी बसून पानं उलटायचो. या दिवसांत मला तेच जास्त आठवतं, तिचं दुखणं नव्हे.

देवरीला त्या दिवशी मात्र ती दुकानात होती, धडधाकट, आणि माझ्या फोनची वाट बघत होती.

गेम सुरू झाला. सपाट हिरवी जमीन, एकाच रंगाचं आकाश, करडा रस्ता, पाट्या. उजाड माळासारखं चित्र. आणि गाडीच्या दोन्ही कडांना दोन लखलखीत आरसे, त्यांत मागं मागं पळणारा रस्ता. वेग थोडा कमी पडत होता, पण अडखळत नव्हता. मला ते फार दरिद्री दिसलं. मनोहरभाऊंनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, कीबोर्ड मांडीवर ओढला आणि गाडी काढली.

पहिली दहा मिनिटं ते डाव्या बाजूनं चालले आणि समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्यांना शिव्या देत राहिले. मी सांगितलं की त्या देशात उजव्या बाजूनं चालतात.

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?" ते ओरडले. "मी त्यायच्या मायबापाचा उद्धार करून राहिलो अन् चूक माझीच!"

फुलवंताबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. तो आवाज ऐकून त्यांचा हात थांबला. चहा माझ्या हातात दिला, नवऱ्याचा तसाच हातात धरून मागं उभ्या राहिल्या. तासभर गाडी चालली. घाट नाही, गाव नाही, नुसता रस्ता. अधूनमधून मनोहरभाऊ आरशात पाहत आणि मागच्याला जागा देत. एकदा म्हणाले, "जा बाबा, तुले घाई आहे तं."

माल पोचवायच्या ठिकाणी गाडी उलटी घेऊन दोन खांबांच्या मधे लावायची होती. मी स्वतः दुकानात ते करून पाहिलं होतं, चार वेळा खांब पाडला होता. मनोहरभाऊंनी गाडी थोडी पुढं घेतली, थांबवली, डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला आणि पडद्यावरची नजर न काढता ओरडले, "अवो, मांगं जाऊन पाह्य! किती जागा आहे?"

"मांगं?" फुलवंताबाई म्हणाल्या. "मांगं भित आहे, अजी. अन् भितीवर कॅलेंडर."

ते हसले नाहीत. त्यांनी ऐकलंच नसावं. गाडी इंचाइंचानं मागं गेली आणि दोन खांबांच्या बरोबर मधे उभी राहिली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी शाबासकी आली. त्यांनी ती वाचली नाही. कीबोर्ड बाजूला ठेवला, दोन्ही तळहातांनी डोळे चोळले आणि मान मागं टाकून बसले. मी टेबल सरकवायला उठलो. फुलवंताबाई अजून तो गार झालेला चहा धरून उभ्याच होत्या.

"ताट आनू?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"अठी खाटेवर कायले?" मनोहरभाऊ म्हणाले. "गाडी लावली ना. थे कुबड्या दे."

बाईंनी खुंटीवरच्या कुबड्या काढल्या, पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि दिल्या. मी हात पुढं केला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. एकेक पाऊल टाकत ते बाहेर गेले. सपरीच्या कडेला पाण्याची टाकी होती. तिथं टेकून उभे राहिले आणि तोंड, मान, कोपरापर्यंत हात खसाखसा धुतले. लांबच्या ट्रिपवरून आलेला ड्रायव्हर धुतो तसे. हायवेवरून एक ट्रक गेला. या वेळी ते वळून त्याच्याकडं पाहत राहिले, दिसेनासा होईपर्यंत.

फुलवंताबाईंनी सपरीत दोन पाट मांडले. एक मनोहरभाऊंना, एक मला. मग काय वाटलं कोण जाणे, एक खुर्ची आणून ठेवली आणि त्यांचा पाट उचलला. मनोहरभाऊ खुर्चीत टेकले. बाई भात वाढताना खाली मान घालून म्हणाल्या,

"कोठंपर्यंत जाऊन आले?"

"नाव इंग्रजीत होतं," ते म्हणाले. "वाचता नाई आलं. मधात मोठी नदी लागली. मंग सपाट रस्ता." थोडं थांबून म्हणाले, "पन माल पोचला."

"मंग जेवा," फुलवंताबाई म्हणाल्या. "भात थंडा होऊन राहिला."